कांट्याची साक्ष

मनुष्यानें आपला जीव बैलाच्या पाठीवर, घोड्याच्या खुरांवर आणि नावेच्या शिडावर सोंपविला, तेव्हां त्या बळांचें स्वरूप त्याच्या डोळ्यांपुढें होतें. बैल थकला कीं त्याची मान खालीं जाई. वारा पडला कीं शीड लोंबे. परंतु लोखंडी भांड्यांत कोंडलेली वाफ, नळींतून खेळणारी हवा आणि ब्रेकच्या नळ्यांतील तेल यांचा दाब डोळ्यांना दिसत नाहीं आणि हातांना चांचपतां येत नाहीं. अशा अदृश्य बळाशीं व्यवहार करावयाचा तर मध्यें एखादा दुभाषा हवा. हा दुभाषा म्हणजे दाबमापक. प्रथम तो कांचेच्या नळींतील पारा होता. पुढें तो तबकडीवरील कांटा झाला. आणि आज मोटारीच्या सांगाड्यांत कोठें तरी बसविलेली, अंगठ्याएवढी, दोन-तीन तारांची एक डबी झाला आहे. तिला सेन्सर असें म्हणतात.

दुभाष्यावर विसंबावयाचें म्हटलें कीं एक प्रश्न आपोआप उभा राहतो. दाब कमी झाल्याची खूण मिळाली. आतां दाब खरोखरच कमी झाला, कीं सांगणाराच बिघडला? पहिल्या बाबतींत गाडी थांबविली पाहिजे, दुसऱ्या बाबतींत मापक बदलला पाहिजे. आणि दोहोंची गल्लत झाली तर केव्हां पैसा जातो, केव्हां प्राण जातात. या एका प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत पावणेचारशेंहून अधिक वर्षें गेलीं आहेत, आणि त्या इतिहासाचीं बरींच पानें सोलापूरकरांच्या ओळखीच्या वाटेवरच उघडतात. सोलापुरास १८६० सालीं आगगाडी आली. १८७७ सालीं तेथें पहिली कापडाची गिरणी उभी राहिली. आणि १८८२ सालीं उद्योगपति वालचंद हिराचंद यांचा जन्म याच गांवीं झाला. वाफ, रूळ आणि मोटार या तिन्ही प्रकरणांशीं या गांवाचा संबंध आहे.

साक्षीदाराची परीक्षा घेण्याची कल्पना मात्र यंत्रांहून पुष्कळ जुनी आहे. बाजारांतील तराजूच घ्यावा. कांटा मधोमध उभा राहिला म्हणजे वजन खरें, असें भोळें गिऱ्हाईक समजतें. जाणतें गिऱ्हाईक आधीं रिकामीं पारडीं पाहतें. तेवढ्यानें समाधान झालें नाहीं तर एका पारड्यावर बोट टेकून कांटा सहज हलतो कीं अडखळतो तें पाहतें. आणि तरीही संशय राहिला तर माल आणि वजन यांचीं पारडीं बदलावयास सांगतें. दांडीचे दोन हात असमान असतील तर अदलाबदल होतांच लबाडी उघडी पडते. या साध्या व्यवहारांत तीन कसोट्या सांपडतात. बोजा नसतां साक्षीदार काय म्हणतो, ही पहिली. धक्का दिला असतां तो हलतो काय, ही दुसरी. दुसऱ्या स्वतंत्र साक्षीशीं त्याचें जुळतें काय, ही तिसरी. दाबमापकाच्या इतिहासांत याच तीन कसोट्या निरनिराळ्या वेषांत पुनःपुन्हा पुढें येतात.

१६४३ सालीं इटलींत टॉरिसेली या पंडितानें सुमारें वारभर लांबीची कांचेची नळी पाऱ्यानें भरली आणि ती पाऱ्याच्याच भांड्यांत पालथी उभी केली. नळींतील पारा उतरला, पण सुमारें ३० इंचांवर येऊन थांबला. हवेच्या ओझ्यानें पारा तोलून धरला आहे, असें टॉरिसेलीचें म्हणणें होतें. तें खरें असेल तर डोंगरावर, जेथें डोक्यावरील हवा कमी, तेथें पारा अधिक उतरला पाहिजे, असा तर्क फ्रान्समध्यें पास्कालनें केला. त्याच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए हा १९ सप्टेंबर १६४८ रोजीं पुय द दोम नांवाच्या डोंगरावर नळी घेऊन चढला. शिखरावर पारा पायथ्याच्या मानानें तीन इंचांहून अधिक खालीं उतरलेला दिसला.

या प्रयोगाची कीर्ति सर्वत्र झाली. परंतु त्यांतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट बहुधा सांगितली जात नाहीं. पेरिएनें दोन नळ्या सिद्ध केल्या होत्या. एक त्यानें वर नेली. दुसरी पायथ्याशीं मठाच्या आवारांत ठेविली आणि दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवण्यास एका साधूस बसविलें. वर पारा उतरला तो उंचीमुळें, कीं त्या दिवशीं हवाच पालटली म्हणून? हा संशय पुढें कोणी काढील हें पेरिएनें आधींच ओळखलें होतें. पायथ्याची नळी दिवसभर जागची हलली नाहीं, म्हणून शिखरावरच्या नळीची साक्ष ग्राह्य ठरली. दाबमापकाच्या इतिहासांत दुसऱ्या साक्षीदाराची योजना येथें प्रथम स्पष्टपणें दिसते.

त्याच प्रयोगांतून आणखी एक गोष्ट निघते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशें मीटरांहून थोडें उंच आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर पारा जेथें उभा राहतो त्याच्या सुमारें ४ सेंटिमीटर खालीं तो सोलापुरांत राहतो. मुंबईचा आंकडा प्रमाण धरणारा मनुष्य सोलापुरांतील खऱ्या नळीस खोटी ठरवील. तेव्हां साक्षीदारास दोष देण्यापूर्वीं त्या जागीं खरा आंकडा किती असावयास हवा, हें परीक्षकास ठाऊक असलें पाहिजे.

पाऱ्याची नळी विद्वानाच्या मेजावर शोभली. धडधडणाऱ्या एंजिनावर ती टिकेना. वाफेचा दाब वाढत गेला तसतशी नळीची उंचीही गैरसोयीची होऊं लागली. ही अडचण पॅरिसच्या बूर्दों नांवाच्या कारागिरानें १८४९ सालीं दूर केली. त्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. धातूच्या नळीचें एक वेटोळें तयार करीत असतां तें एका बाजूनें चेपलें गेलें. तें पूर्ववत् गोल व्हावें म्हणून त्याचें एक तोंड बंद करून दुसऱ्या तोंडानें पंपाचें पाणी दाबून भरण्यांत आलें. चेपलेली नळी फुगूं लागली, आणि त्याबरोबर वेटोळेंही उलगडूं लागलें. दाब जितका अधिक, उलगडणें तितकें अधिक. बूर्दोंनें नळीच्या बंद टोंकास दांडी व कांटा जोडला, आणि आज गिरणींत, दवाखान्याच्या प्राणवायूच्या टाकीवर व टायरमध्यें हवा भरणाऱ्याच्या दुकानांत जी गोल तबकडी दिसते ती जन्मास आली.

सोलापुरांत ही तबकडी गिरण्यांच्या बॉयलरबरोबर आली. १८७७ सालची गिरणी पुढें 'जुनी गिरणी' या नांवानें ओळखली जाऊं लागली. तिच्यामागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णु अशा गिरण्या उभ्या राहिल्या. आतां त्यांचे भोंगे बंद पडले आहेत. पण कैक पिढ्यांची पहांट त्या भोंग्यांनीं केली. त्या भोंग्यामागें बॉयलर असे, आणि बॉयलरच्या कपाळावर बूर्दोंची तबकडी. तींत कमाल दाबाच्या आंकड्यावर तांबडी रेघ मारलेली असे. त्या रेघेपलीकडे काय आहे हें हिंदुस्थानास फार लवकर समजलें होतें. १८६३ सालीं कलकत्त्यास एका बॉयलरचा भयंकर स्फोट होऊन कित्येक माणसें दगावलीं. त्यामुळें १८६४ सालीं बंगालमध्यें बॉयलरच्या तपासणीचा कायदा झाला; पुढें १९२३ सालीं सबंध देशाकरितां इंडियन बॉयलर्स ॲक्ट आला, आणि २०२५ सालीं नव्या बॉयलर कायद्यानें त्याची जागा घेतली.

या तपासणीच्या पद्धतींत गेजची परीक्षा हें एक प्रकरणच आहे, कारण गेज तीन तऱ्हांनीं फसवितें. उकळती वाफ थेट नळींत शिरली तर नळीचा ताव जातो व ती सैल पडते. म्हणून गेजच्या खालीं नळीला एक वळसा देतात. त्या वळशांत पाणी सांचून राहतें आणि वाफेची धग वर पोंचत नाहीं. दुसरी तऱ्हा अशी कीं गेजकडे जाणारी वाट किंवा तिच्यावरील तोटी क्षारानें तुंबते. मग बॉयलरांत दाब वाढो कीं उतरो, कांटा कालच्याच आंकड्यावर बसून राहतो. हा खोटेपणा सर्वांत घातक, कारण स्थिर कांटा पाहून नवख्यास धीर येतो. तिसरी तऱ्हा नळीच्या थकव्याची. वर्षानुवर्षें वांकून व उलगडून नळी कायमची थोडी उलगडलेली किंवा आंत वळलेली राहते. उलगडली असेल तर दाब नसतांही कांटा शून्यावर परतत नाहीं, आणि दोष दिसतो. परंतु ती आंत वळली असेल तर कांटा शून्याच्याही खालीं जाऊं पाहतो, आणि तेथें बसविलेली खुंटी त्याला अडविते. पाहणारास वाटतें, कांटा शून्यावर आहे, सर्व ठीक आहे. वस्तुतः तो खुंटीला टेकून आपला दोष लपवीत असतो. असें गेज कामाच्या वेळीं खऱ्याहून कमी दाब दाखवितें.

यावर अनुभवी मिस्त्री काय करी? प्रथम तोटी हळूच बंद करून व मोकळी करून कांटा पडतो व पुन्हां चढतो कीं नाहीं तें पाही. एवढ्यानें वाट मोकळी असल्याचें कळे. आंकडा खरा असल्याचें कळत नसे. त्याकरितां इन्स्पेक्टर आपलें पारखलेलें गेज बरोबर आणी. तें जोडण्यासाठीं बॉयलरवर स्वतंत्र जागा ठेविलेली असावी असा नियमच आहे. दोन कांटे एकाच वाफेवर शेजारीं शेजारीं चढूं लागले म्हणजे कोणता कोठें मागें पडतो तें लपून राहत नाहीं. मठाच्या आवारांतील नळीचेंच हें रूप होय. फरक एवढाच कीं तेथें एका शास्त्रज्ञाचा तर्क पणास लागला होता, येथें खालीं कोळसा टाकणाऱ्यांचे प्राण.

बॉयलर जागचा हलत नाहीं, आगगाडी धांवते. सोलापूर ते मुंबई या लोहमार्गावर बोरघाट लागतो. १८६३ सालीं खुल्या झालेल्या या घाटांत ३७ फुटांस एक फूट इतका उतार आहे. उतरणारी गाडी आवरेनाशी झाली तर तिला चढावर वळवून थांबविण्यासाठीं स्वतंत्र रूळ तेथें घातलेले आहेत, एवढ्यावरून त्या उताराची भीति समजावी. आरंभीं गाडीचा ब्रेक म्हणजे ब्रेकच्या डब्यांतील माणसांचे हात. एंजिनाची शिटी ऐकून तीं माणसें चक्रें फिरवीत. एकाच जागेवरून सबंध गाडी आवरण्याची युक्ति अमेरिकेंत वेस्टिंगहाउस यानें १८६९ सालीं काढली: एंजिनावरून नळीवाटे दाबलेली हवा सोडावी आणि डब्या-डब्याचा ब्रेक लागावा. पण नळी तुटली तर? हवा निघून जाई आणि ब्रेक लागतच नसे. तेव्हां १८७२ सालीं त्यानें सारा विचारच उलटा केला. नळींत हवा सदैव भरलेली राहावी. ती आहे तोंवर ब्रेक सुटलेला. ती कोणत्याही कारणानें गेली कीं ब्रेक आपोआप लागावा. हवेऐवजीं निर्वात पोकळीवर चालणारा व्हॅक्यूम ब्रेक पुढें याच तत्त्वावर बेतला गेला.

हें तत्त्व लोकांच्या गळीं उतरण्यास मात्र मोठी किंमत पडली. १२ जून १८८९ रोजीं आयर्लंडांत आर्माजवळ सहलीस निघालेली, मुलांनीं भरलेली गाडी चढावर अडली. तिचा व्हॅक्यूम ब्रेक आपोआप लागणाऱ्या जातीचा नव्हता. गाडी मधोमध तोडली तेव्हां मागच्या डब्यांचा ब्रेक सुटला. ते उतारावरून मागें घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारें ८० माणसें मेलीं. त्याच वर्षीं ब्रिटिश पार्लमेंटानें उतारूंच्या गाड्यांना आपोआप लागणारा अखंड ब्रेक सक्तीचा केला.

हिंदुस्थानांतील रेल्वेनें पुष्कळ वर्षें व्हॅक्यूम ब्रेक वापरला. एंजिनाच्या गेजवर ५३ सेंटिमीटर पाऱ्याइतकी पोकळी दिसावी असा दंडक होता. पुढें दाबलेल्या हवेचा ब्रेक आला, आणि त्याच्या मुख्य नळींत दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोग्रॅम दाब राखतात. दोन्ही पद्धतींत एक गोष्ट कायम राहिली. एक गेज ड्रायव्हरपाशीं व दुसरें गाडीच्या शेपटास, गार्डाच्या डब्यांत. गाडी सुटण्यापूर्वीं गार्ड आपल्याकडील झडप उघडून दाब सोडी आणि ड्रायव्हर आपल्या तबकडीवर कांटा पडतो कीं नाहीं तें पाही. कांटा पडला तर नळी शेवटपर्यंत सलग आहे. तो जागचा हलला नाहीं तर मध्येंच कोठें तरी तोटी बंद आहे, आणि ड्रायव्हरचें गेज आपल्यापुढील चार हात नळीचीच हकीकत सांगत आहे. या परीक्षेंत गेज खरें कीं खोटें एवढेंच पाहत नाहीत, तें कशाविषयीं बोलत आहे हेंही पाहतात.

हा भेद किती महत्त्वाचा आहे हें २७ जून १९८८ रोजीं पॅरिसच्या गार द लियों या स्टेशनावर दिसून आलें. एका लोकल गाडींत उतारूनें धोक्याची मूठ ओढली आणि ब्रेक लागले. ते सोडवीत असतां ड्रायव्हरकडून पहिल्या व दुसऱ्या डब्यांमधील मुख्य नळीची तोटी नकळत बंद झाली. ब्रेक सुटेनात. नळींत हवा अडकली असावी असें निदान करून मागच्या डब्यांची हवा हातानें काढून टाकण्यांत आली, आणि ब्रेक सुटले. ते असे सुटले कीं पुढें लागणें शक्यच नव्हतें. ड्रायव्हरपुढील गेज योग्य दाब दाखवीत होतें. पण तो बंद तोटीच्या अलीकडील नळीचा दाब होता. उतारावर गाडी आवरली नाहीं. ती स्टेशनांत उभ्या असलेल्या गाडीवर जाऊन आदळली आणि ५६ माणसें मेलीं. तेथें गेज बिघडलें नव्हतें. निदान बिघडलें होतें. गाडीच्या शेपटापासून दाब सोडून कांटा हलतो काय, एवढें पाहिलें असतें तर चूक तेथल्या तेथें ध्यानांत आली असती.

रुळांवरून रस्त्यावर येतांना वालचंद हिराचंद यांचें नांव घेणें योग्य होईल. सोलापुरांत जन्मलेल्या या गृहस्थांनीं रेल्वेच्या कंत्राटदारींत उमेदवारी केली ती बार्शी लाइट रेल्वेच्या कामावर. पुढें त्यांच्या कंपनीनें बोरघाटांतील नव्या मार्गाचे बोगदे खोदले, आणि १९२९ सालीं घाटांतील गाडी उलट फिरविण्याचें जुनें स्टेशन निकामी झालें. १९४४ सालीं त्यांनीं मुंबईस प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटारींची कंपनी काढली. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) अशी राज्य परिवहनाची पहिली बस धांवली. एका पिढीच्या आंत महाराष्ट्राचा प्रवास रुळांइतकाच डांबरी रस्त्यावर येऊन पडला, आणि ब्रेकच्या दाबाचा जुना प्रश्नही त्याच्यामागून रस्त्यावर आला.

आज सोलापूर-पुणें महामार्गावरून धांवणाऱ्या अवजड ट्रकच्या पोटांत वेस्टिंगहाउसच्या कल्पनेचाच वंश नांदतो. एंजिनावरील पंप टाकीत हवा भरतो. ब्रेकची वाट दोन स्वतंत्र शाखांत विभागलेली असते, म्हणजे एक फुटली तरी दुसरी हाताशीं राहते. आणि उभ्या गाडीचा ब्रेक जोरकस कमानीनें लागलेला असून हवेच्या दाबानें तो सोडवावा लागतो. हवा गेली कीं कमान आपलें काम करते. दाब उतरूं लागला तर ड्रायव्हरपुढील कांटा पडतो, दिवा लागतो, भोंगा वाजतो. लहान मोटारींत हवेच्या जागीं तेल आहे, एवढाच फरक.

कांट्याची जागा विजेच्या संकेतानें घेतली ती मात्र शास्त्रज्ञांच्या तीन पिढ्यांच्या श्रमानें. तार ताणली असतां तिचा विजेला होणारा अडथळा बदलतो, हें लॉर्ड केल्व्हिन या नांवानें पुढें प्रसिद्ध झालेल्या टॉमसननें १८५६ सालीं दाखविलें. १९३८ च्या सुमारास अमेरिकेंत सिमन्स व रूज या दोघांनीं, एकमेकांस न विचारतां, बारीक तार वस्तूस चिकटवून तिचा ताण मोजण्याची रीत काढली. १९५४ सालीं स्मिथनें सिलिकन व जर्मेनियम या द्रव्यांत हाच गुण तारेहून कितीतरी तीव्र असल्याचें सिद्ध केलें. आजच्या अनेक सेन्सरांत सिलिकनचा एक पातळ पडदा असतो. दाबानें तो किंचित् वांकतो. त्यावरील चार अडथळ्यांचा तोल ढळतो. आणि ढळलेल्या तोलाचा विजेचा संकेत तारेवाटे बाहेर येतो. बूर्दोंची नळी उलगडावयाची, हा पडदा वांकतो, कल्पना एकच.

१९७८ सालीं जर्मनींत चाकें जखडूं न देणारा बॉशचा ब्रेक मोटारींत आला. १९९५ सालीं घसरणारी गाडी सांवरणारी योजना आली. या दुसऱ्या योजनेस ड्रायव्हर ब्रेक किती जोरानें दाबतो हें कळावें लागतें, म्हणून ब्रेकच्या तेलावर दाबाचा सेन्सर बसला. हवेच्या उशांवर तोललेल्या बसमध्यें उशांच्या दाबावर सेन्सर बसला. कांटा पाहून माणूस निर्णय घेत असे. आतां संकेत पाहून यंत्रच निर्णय घेतें. त्यामुळें खोट्या साक्षीचें भय कमी न होतां वाढलें आहे.

यंत्रास संशय आला म्हणजे तें दिवा लावतें आणि एक सांकेतिक क्रमांक टिपून ठेवतें. तो स्कॅनरनें वाचतां येतो. एंजिन, गाडीची खोली, चेसिस आणि यंत्रांमधील निरोप अशा चार खात्यांना निरनिराळीं अक्षरें आहेत. चेसिसचें अक्षर 'सी'. ब्रेक, सुकाणू व उशा हीं त्या खात्यांत मोडतात. वर्कशॉपांत येथेंच पहिली घाई होते. क्रमांकापुढें 'दाबाचा सेन्सर' हे शब्द दिसले कीं सेन्सर बदलावयाचा. नवा सेन्सर बसतो, पैसे जातात, आणि दोन दिवसांनीं दिवा पुन्हां लागतो. क्रमांकाचा अर्थ एवढाच कीं त्या वाटेनें आलेला संकेत यंत्रास पटला नाहीं. सेन्सर, त्याची तार, त्यास मिळणारी वीज, आणि तो ज्याविषयीं सांगतो तो दाब, या चौघांपैकीं दोषी कोण हें क्रमांक सांगत नाहीं.

दोषी शोधण्याची रीत जुन्याच तीन कसोट्यांची आहे. गाडीच्या चाकांस अटकाव लावावा, आणि आरंभ खऱ्या दाबापासून करावा. टाकीच्या परीक्षेच्या तोंडावर पारखलेलें साधें कांट्याचें गेज जोडावें. कांटाही कमीच दाखवूं लागला तर सेन्सर निर्दोष आहे. हवा कोठें गळते तें साबणाच्या पाण्यानें शोधावें, टाकींत सांचलेलें पाणी सोडून द्यावें. मोटारींत तेलाची पातळी व गळती पाहावी. सत्य सांगणाऱ्या साक्षीदारास हांकलून देणें हा निदानांतील सर्वांत घातक प्रमाद होय.

दाब ठीक असून संकेतच चुकीचा असेल तर दाब पूर्ण सोडून विश्रांतीचा आंकडा पाहावा. पुष्कळ सेन्सरांना ५ व्होल्ट वीज पुरवितात, आणि दाब नसतां ते सुमारें अर्धा व्होल्ट परत देतात. पूर्ण दाबास साडेचार. शून्य दाबास शून्य व्होल्ट कां नाहीं? तुटलेली तारही शून्यच दाखवील म्हणून. अर्ध्या व्होल्टाखालीं किंवा साडेचारांवर गेलेला संकेत दाबाचा नसून तारेच्या बिघाडाचा, हें यंत्र तेव्हांच ओळखतें. बूर्दोंच्या तबकडीवरील खुंटी दोष लपवी. येथें शून्याच्या खालीं मुद्दाम जागा मोकळी ठेवून दोषास बोलण्याची सोय केली आहे. कांहीं सेन्सर पोकळीपासून मोजणारे असतात. ते विश्रांतींत भोंवतालच्या हवेचा दाब दाखवितात. त्यांचा सोलापुरांतील आंकडा मुंबईच्या आंकड्याहून थोडा कमीच असणार, आणि त्याला बिघाड समजूं नये.

मग धक्क्याची कसोटी. ब्रेक हळूहळू दाबावा. संकेत सावकाश व अखंड चढावा, सोडतांच पूर्ववत् उतरावा. तो अडखळला, उडी मारूं लागला किंवा खालीं उतरलाच नाहीं तर साक्षीदार संशयित ठरतो. तरीही वाट तपासल्यावांचून निकाल देऊं नये. सेन्सरचा जोड काढावा. जोड काढल्याबरोबर स्कॅनरवरील आंकडा एका टोंकास गेला पाहिजे. तो जागचा हलला नाहीं तर दोष सेन्सरचा नाहीं, तारेचा किंवा यंत्राचा आहे. जोडापर्यंत ५ व्होल्ट पोंचतात काय, परतीची तार पक्की आहे काय, हें मल्टिमीटरनें पाहावें. एकाच विजेवर कित्येकदां दोन-तीन सेन्सर चालतात. त्यांतील एक आंतून जुळला तर सर्वांची वीज खालीं बसते आणि निरपराध सेन्सरांच्या नांवें क्रमांक उमटतात. अशा वेळीं एकेक जोड काढीत जावें. ज्याचा जोड काढतांच वीज पूर्ववत् येते तोच अपराधी. सोलापूरकडील उन्हाळा, धूळ, पावसाळ्यांत जोडांत शिरलेलें पाणी आणि उंदरांनीं कुरतडलेल्या तारा यांचा हिशेब घेतला तर वाटेंतला दोष मुळींच दुर्मिळ नाहीं.

वीज खरी, वाट मोकळी, दाब ठीक आणि संकेत मात्र खोटा, अशी चौकशी पुरी झाली म्हणजेच सेन्सर बदलावा. बदलण्यापूर्वीं नळींतील दाब सोडावा. बदलल्यावर त्यास नव्यानें शून्य शिकवावें लागत असेल तर शिकवावें, तेलाच्या नळ्यांतील हवा काढावी, आणि पुन्हां पहिल्या गेजशीं ताडून पाहिल्यावांचून गाडी मालकाच्या ताब्यांत देऊं नये.

एक प्रश्न उरतो. निदान होईतों काय करावें? याचें उत्तर वेस्टिंगहाउसनें १८७२ सालीं दिलें आहे. संशयाचा फायदा गाडीच्या वेगास देऊं नये, थांबण्यास द्यावा. आजचें यंत्रही तेंच करतें: दाबाचा संकेत पटेनासा झाला कीं तें आपली सांवरण्याची विद्या बाजूस ठेवतें, साधा ब्रेक ड्रायव्हरच्या पायाखालीं राहूं देतें आणि दिवा लावून तसें सांगतें. त्या दिव्याचा अर्थ इतकाच कीं, मदतनीस गेला आहे, वेग कमी करा, तपासणी करा. त्या दिव्यावर चिकटपट्टी लावून पुढें जाणारा ड्रायव्हर आणि क्रमांक वाचून डोळे मिटून सेन्सर बदलणारा मिस्त्री, दोघांनींही चौकशी टाळली. एकानें साक्ष ऐकलीच नाहीं, दुसऱ्यानें साक्षीदाराची उलटतपासणी केली नाहीं.

पेरिएनें पायथ्याशीं साधू बसविला, इन्स्पेक्टरनें दुसरें गेज आणलें, गार्डानें शेपटाकडून झडप उघडली. या तिघांना एकमेकांची वार्ताही नव्हती. आज सोलापुरांतील एखाद्या वर्कशॉपांत जो मिस्त्री नवा सेन्सर डब्यांतच ठेवून आधीं टाकीवर साधें गेज जोडतो, तो त्यांच्याच पंक्तींत बसतो. या कामास त्याचीं दहा मिनिटें जातात. ट्रकच्या मालकाचे पैसे त्या दहा मिनिटांत वांचतात, आणि घाट उतरतांना त्या ट्रकच्या पुढें चाललेल्या, ज्यांना त्या मिस्त्रीचें नांवही कधीं कळावयाचें नाहीं अशा प्रवाशांचे प्राणही त्या दहा मिनिटांतच सुरक्षित होतात.